एका मुळीची नावं

बारा वर्षांपूर्वी एका अनुवादात माझ्याकडून एक चूक झाली. संपादकांच्या ती लक्षात आली नाही, वाचकांपैकी कुणी कळवलं नाही आणि मलाही बरीच वर्षं तिचा पत्ता नव्हता. मजकूर छोटा होता. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या, ओमाहा जमातीत वाढलेल्या एका बाईंच्या बालपणीच्या आठवणी, जेमतेम चार पानांच्या. त्यात दाढदुखीनं रडणाऱ्या नातीला आजी माळावर घेऊन जाते, काठीनं जमीन उकरून एक मुळी काढते, ती पुसते आणि चावायला देते. त्या झाडाचं नाव इंग्रजीत 'पर्पल कोनफ्लॉवर' असं होतं. मी चित्रं पाहिली. जांभळट गुलाबी, खाली झुकलेल्या पाकळ्या आणि मध्ये फुगीर गोंडा. आपल्या वाचकाला ओळखीचं वाटावं म्हणून मी लिहिलं, 'रानशेवंती'. वाक्य कानाला गोड लागलं आणि मी पुढे गेले.

पुढच्याच ओळीत नातीची जीभ 'झोपी गेली' असं होतं. शेवंतीनं कुणाची जीभ झोपी जाईल? मला तो नुसता अलंकार वाटला. मी तिथे 'तिला जरा बरं वाटलं' असं करून टाकलं. पहिली चूक निभावून न्यायला दुसरी करावी लागली, आणि दोन्ही मिळून एक निर्दोष मराठी परिच्छेद तयार झाला.

आता त्या संग्रहाची नवी आवृत्ती निघते आहे आणि दुरुस्त्या असतील तर कळवा, असा निरोप आला आहे. मधल्या काळात मी ते झाड स्वतः लावलं, म्हणून ही गोष्ट.

देहरादूनला आम्ही राहतो त्या भाड्याच्या घराला मागे अंगणाचा एक तुकडा आहे. एक लिचीचं झाड, भिंतीलगत दोन वाफे. चार वर्षांपूर्वी मी बियाणं शोधायला लागले तेव्हा पहिला अडथळा आला. मला हवी होती ती नेब्रास्काच्या कोरड्या माळावरची अरुंद पानांची जात, 'एकिनेशिया अँगस्टिफोलिया'. ओमाहा आजीनं उकरलेली मुळी बहुधा तिचीच. पण जिथे विचारावं तिथे मिळत होती फक्त 'एकिनेशिया पर्प्यूरिया', रुंद पानांची, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या विरळ रानांतली. शेवटी तीच घेतली. या प्रजातीत नऊ-दहा जाती आहेत, मग जगभरच्या बागांमध्ये हीच एक का, हा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. त्याचं उत्तर शोधता शोधता मी या झाडाच्या नावांच्या इतिहासात शिरले.

कागदावरचा हा इतिहास व्हर्जिनियात सुरू होतो. सतराव्या शतकाच्या शेवटी जॉन बॅनिस्टर नावाच्या पाद्र्यानं तिथून ही रुंद पानांची वनस्पती इंग्लंडला पाठवली. १७५३ साली लिनीयसनं तिला 'रुडबेकिया पर्प्यूरिया' असं नाव दिलं. रुडबेक हे उप्साला विद्यापीठातलं मोठं घराणं. तरुण, गरीब लिनीयस त्यांच्या घरी मुलांना शिकवत असे. म्हणजे अटलांटिकपलीकडच्या रानातल्या फुलाला स्वीडनमधल्या एका उपकारकर्त्याचं आडनाव लागलं. पुढे १७९४ साली जर्मनीत मारबुर्गच्या कॉनराड मंख यांनी ती वेगळी काढून 'एकिनेशिया' केली. ग्रीक 'एखिनोस' म्हणजे साळिंदराहून बराच लहान असा एक काटेरी प्राणी, आणि समुद्रातला काटेरी गोळाही. मधला गोंडा हाताला टोचतो, त्यावरून हे नाव पडलं. इंग्रजी बोलणाऱ्यांना तोच गोंडा शंकूसारखा दिसला, म्हणून 'कोनफ्लॉवर'. उपकाराचं आडनाव सोडलं तर ही सगळी नावं फूल समोर धरून ठेवलेली आहेत.

दुसऱ्या बाजूची नावं कागदावर यायला १९१९ साल उजाडलं. मेल्विन गिलमोर या अभ्यासकानं मिसुरी नदीच्या खोऱ्यातल्या जमातींच्या वनस्पतिज्ञानावर एक मोठा अहवाल लिहिला. त्यात अरुंद पानांच्या या जातीची नावं मिळतात, अर्थासह. डकोटा भाषेतल्या नावाचा अर्थ चाबकाचं झाड. ओमाहा आणि पोंका लोकांकडे दोन नावं: 'मिका-ही' म्हणजे फणीचं झाड, आणि दुसऱ्याचा अर्थ डोळ्याचं झाड, कारण दुखऱ्या डोळ्यांवर त्याचा उपयोग. पॉनी लोकांचं नाव मला सगळ्यांत आवडलं. 'क्सापिताहाको': त्यात हात आहे आणि गरगर फिरवणं आहे. मुलं दोन दांडे घ्यायची, गोंड्याला गोंडा टेकवायची आणि एक दुसऱ्याभोवती फिरवत खेळायची. त्या खेळाचं नाव झाडाला पडलं.

ही यादी वाचताना मला माझी चूक पहिल्यांदा दिसली. युरोपातली नावं डोळ्यानं ठेवली होती. माळावरची नावं हातानं ठेवली होती: विंचरताना, खेळताना, औषध लावताना. मीही फोटो पाहून, डोळ्यानंच, नाव ठेवलं होतं.

गिलमोर यांच्या अहवालात मुळीचे उपयोगही आहेत. सर्पदंशावर आणि इतर विषारी दंशांवर, दाढदुखीवर, भाजलेल्या जागी रस लावायला. वाफेच्या पवित्र स्नानात उष्णता सहन व्हावी म्हणूनही तो रस वापरत. विनेबागो जमातीतल्या एकानं सांगितलं होतं की, ही मुळी वापरून तोंड बधिर केलं की लोकांना चकित करायला जळता निखारा तोंडात धरता येतो. म्हणजे जीभ 'झोपी गेली' यात अलंकार नव्हताच. ते साधं वर्णन होतं.

हा अहवाल छापला जाण्याच्या किमान चाळीस वर्षं आधीच ती मुळी बाटलीत शिरली होती. नेब्रास्काच्या आग्नेय कोपऱ्यात पॉनी सिटी नावाचं एक छोटं गाव आहे. १८७०च्या दशकात तिथे एच. सी. एफ. मेयर नावाचा जर्मन गृहस्थ 'मेयरचं रक्तशोधक' नावाचं औषध विकू लागला. माळावरच्या लोकांकडून कळलेली ही मुळी त्यात होती. रॅटलस्नेक चावल्यावर उतारा म्हणून, आणखीही कितीतरी दुखण्यांवर, असा त्याचा दावा. १८८०च्या दशकात त्यानं नमुना सिनसिनाटीच्या जॉन किंग आणि जॉन यूरी लॉइड यांच्याकडे पाठवला. दोघंही वनस्पतिज औषधांवर भर देणाऱ्या एक्लेक्टिक पंथातले मातब्बर. त्यांना शंका आली. तेव्हा मेयर म्हणाला, मी तुमच्यासमोर रॅटलस्नेक चावून घेतो आणि बरा होऊन दाखवतो. त्यांनी नकार दिला. पण पूर्ण झाड मागवून घेतलं, लॉइड यांच्या वनस्पतिज्ञ भावानं ते ओळखलं, आणि १८८७ साली किंग यांनी त्यावर लेख लिहिला. लॉइड बंधूंच्या कारखान्यातून त्याचा अर्क निघू लागला आणि काही वर्षांतच तो भरपूर खपू लागला. १९०९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशननं तो निरुपयोगी ठरवला, तरी विक्री बराच काळ चालू राहिली.

औषधांच्या इतिहासात ही कथा मेयरच्या विक्षिप्तपणासाठी सांगितली जाते. मला मात्र गावाचं नाव अडवतं. पॉनी सिटीत औषध विकलं जात होतं तेव्हा पॉनी लोक तिथे नव्हतेच. १८७३ ते १८७५च्या दरम्यान त्यांना नेब्रास्का सोडून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं होतं. गावाच्या पाटीवर त्यांचं नाव राहिलं, त्यांची मुळी बाटलीत राहिली, बाटलीवर नाव मेयरचं. आणि किंग यांचा लेख आला त्याच १८८७ साली, फेब्रुवारीत, डॉज कायदा झाला. जमातींच्या सामायिक जमिनीचे तुकडे करून माणशी वाटायचे आणि उरलेली जमीन बाहेरच्यांना मोकळी करायची, असा तो कायदा. तेव्हा जमातींकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ साली हे धोरण थांबलं तेव्हा उरली होती सुमारे ४ कोटी ८० लाख एकर. एका हातानं मुळीचं ज्ञान घेतलं जात होतं आणि दुसऱ्या हातानं ती मुळी उगवते तो माळ.

अनुवादकाला ही रीत परकी नाही. मजकूर घ्यायचा, तो ज्यानं सांगितला त्याचं नाव पहिल्या पानावरून मागच्या पानावर जातं, तिथून तळटिपेत, आणि पुढच्या आवृत्तीत टीपही गळते.

माझ्या बियाण्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर सरळ आहे. रुंद पानांची जात दिसायला भरघोस, रुजायला सोपी. अरुंद पानांची हट्टी: खोल सोटमूळ, हलवलेलं सोसत नाही, आणि दीर्घ ओली थंडी मिळाल्याशिवाय बी सहसा उघडत नाही. बागवाल्यांनी सोपी निवडली. उरलेलं निम्मं उत्तर एका चुकीत आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतले डॉ. गेरहार्ड माडाउस अमेरिकेतून अरुंद पानांच्या जातीचं बी आणायला निघाले. शिकागोत त्यांना त्या नावानं बी मिळालं. ते घरी नेऊन पेरलं, रोपं वाढली, आणि कळलं की ही रुंद पानांची 'पर्प्यूरिया' आहे. त्यांनी ती उपटली नाही. तिच्याच ताज्या रसाचं औषध केलं, तिच्यावरच प्रयोग सुरू झाले. पुढच्या काही दशकांतलं जर्मन संशोधन मोठ्या प्रमाणात याच जातीवर उभं राहिलं. माळावरच्या लोकांचा अनुभव एका झाडाचा होता, प्रयोगशाळेचे निष्कर्ष त्याच्या बहिणीचे. बाटलीवर मात्र दोघींसाठी एकच शब्द: एकिनेशिया.

या नावानं १९९०च्या दशकात ती अमेरिकेत परतली, सर्दीवरचं आणि 'प्रतिकारशक्ती'चं औषध होऊन. त्या औषधाचं काय झालं हे थोडक्यात सांगते. २०१४ साली कॉक्रेन या संस्थेनं सगळ्या चाचण्यांचा आढावा घेतला. सर्दीवर खात्रीचा उपयोग सिद्ध झाला नाही. मी स्वतः ती सर्दीसाठी घेत नाही, कुणाला सुचवतही नाही, आणि साप चावला तर रुग्णालय गाठावं, मुळी शोधू नये. पण त्या खपाच्या वर्षांत माळावरच्या रानटी मुळ्यांना भाव आला. कॅन्सस, मोंटाना, नॉर्थ डकोटात लोक कुदळी घेऊन उतरले. कॅन्ससचे वनस्पतिशास्त्रज्ञ केली किंडशर यांनी खणून नेलेल्या जागा पुन्हा तपासल्या, तेव्हा मातीत तुटून राहिलेल्या खोल तुकड्यांतून जवळपास निम्मी झाडं परत फुटलेली आढळली. मुळीनं माणसाला बरंच माफ केलं म्हणायचं. नांगर मात्र माफी ठेवत नाही. अमेरिकेच्या मध्यभागातल्या उंच गवताच्या माळांपैकी आज चार टक्क्यांहून कमी शिल्लक आहेत.

उरलेल्या तुकड्यांत काय होतं, हे मिनेसोटात स्टुअर्ट वॅगेनियस आणि त्यांचे सहकारी १९९०च्या दशकापासून मोजत आले आहेत. अरुंद पानांच्या या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही. दुसरं, न्याराच वंश असलेलं झाड जवळ आणि त्याच दिवसांत फुललेलं लागतं. छोट्या, एकाकी तुकड्यात झाड वर्षानुवर्षं जगतं, फुलतं, बियांचा गोंडाही धरतो. उघडून पाहावं तर आतली बरीच टरफलं पोकळ. माळाला आग लागून गेली की पुढच्या उन्हाळ्यात पुष्कळ झाडं एकदम फुलतात, त्यांना जोडीदार मिळतात आणि बी भरतं, असं त्यांनी २०२०च्या शोधनिबंधात दाखवलं. माळ मुद्दाम पेटवण्याची रीत तिथल्या जमातींना जुन्या काळापासून ठाऊक होती.

आता माझा वाफा. बी फेब्रुवारीच्या सुरुवातीला ओल्या रेतीत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलं, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. रुंद पानांच्या जातीला याची फारशी गरज नसते, पण मला थंडीचा तो पाठ चुकवायचा नव्हता. मार्चमध्ये पेरलं, पंधरवड्यात कोंब आले. पहिलं वर्ष नुसती पानं, जमिनीला टेकलेली, खरखरीत. देहरादूनचा पाऊस हा या झाडाचा खरा शत्रू. पहिल्या जुलैत नऊपैकी पाच रोपं बुडखाशी कुजून गेली. मग वाफा वीतभर उंच केला, निम्मी जाडी रेती मिसळली, शेणखत जवळजवळ बंद केलं. जास्त खत दिलं की दांडा उंच, लेचापेचा होतो आणि आडवा पडतो. दुसऱ्या वर्षी मेअखेरीस पहिलं फूल आलं. खरं तर ते एक फूल नव्हेच. झेंडू, सूर्यफूल, कारळा यांच्यासारखी ती शेकडो बारक्या फुलांची वस्ती. मधल्या गोंड्यावर ती खालून वर, कड्याकड्यानं उमलत जातात, आणि बाजूच्या गुलाबी पाकळ्या तोवर हळूहळू खाली झुकतात. उमलण्याचा हा फेरा दोन-तीन आठवडे चालतो. वाळलेले गोंडे मी कापत नाही. हिवाळ्यात चिमण्या ते उसवतात.

गेल्या ऑक्टोबरात एक जुना गड्डा विभागायला काढला. खाली केसाळ मुळ्यांचा गुंता निघाला. अरुंद पानांच्या जातीचं ते एकच जाड सोटमूळ इथे नव्हतं. मी एक मुळी धुतली आणि चावली. आधी मातकट, किंचित गोड. मग जिभेच्या शेंड्याला मुंग्या आल्या, तोंडात लाळ सुटली, आणि मिनिटभरात जिभेचा तेवढा भाग माझा राहिला नाही.

आणि मी एकदम सिंधुदुर्गात होते, सात-आठ वर्षांची. दाढ दुखत होती. आजीनं परसातल्या पाणथळ कडेचा एक पिवळा, बिनपाकळ्यांचा, शंकूसारखा गोंडा खुडून दाढेखाली ठेवायला दिला होता. अक्कलकारा. त्याचीही अशीच झिणझिणी, अशीच लाळ, असंच गप्प होणं. नंतर वाचलं तेव्हा कळलं, हा निव्वळ योगायोग नाही. दोन्ही झाडं एकाच कुळातली, आणि दोन्हींमध्ये जीभ बधिर करणारी द्रव्यं एकाच रासायनिक गटातली, अल्कमाइड. मराठीत या मुळीच्या जवळचा अनुभव होताच. तो शेवंतीपाशी नव्हता, माझ्याच आजीच्या परसात होता. मी डोळ्यानं शोधला म्हणून चुकला. जिभेनं शोधला असता तर सापडला असता.

मग दुरुस्ती म्हणून 'अक्कलकारा' लिहावं का? आठवडाभर तो मोह होता. पण झेंडूकडे पाहून मी सावध झाले. झेंडूही मेक्सिकोचा. आपण त्याला नाव दिलं, दसऱ्याच्या तोरणात ओवलं, आणि तो कुठून आला हे इतकं विसरलो की आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. फुलाचं त्यात काही बिघडलं नाही. पण आठवणीतल्या त्या बाईंच्या माळावरून मुळी उचलून मी सिंधुदुर्गात लावली, तर मेयरहून मी काय वेगळं केलं? 'फणीचं झाड' असं ओमाहा नावाचं भाषांतरही करून पाहिलं. तेही बरोबर नाही. त्या बाईंनी आजीचा शब्द गाळून इंग्रजीत 'कोनफ्लॉवर' लिहिलं होतं. तो निर्णय त्यांचा. त्यांच्या पाठीमागे जाऊन त्यांच्या आजीच्या तोंडी शब्द घालायचा अधिकार मला नाही.

परवा दुरुस्त्यांचा कागद पाठवला. दोनच आहेत. पान ११२, ओळ ९: 'रानशेवंती'च्या जागी 'जांभळं कोनफ्लॉवर'. परका शब्द आहे, वाचकाला क्षणभर अडेल. अडू दे. ओळ १०: 'तिला जरा बरं वाटलं' हे काढून 'तिची जीभ झोपी गेली'. ज्याच्या आजीनं कधी अक्कलकारा दिला असेल, त्याला पुढचं आपोआप समजेल.